रसद, रसीद आणि फुकटचा 'रस'

प्रश्न असा आहे: भर समुद्रात चालत्या युद्धनौकांना तेल-सामान पुरवतात, त्याचं संगणकावर सिम्युलेशन होतं. त्याला 'सागरी रसद अनुकरण' म्हणावं का?

नको. अनुकरण म्हणजे नक्कल. टोपीवाल्याच्या गोष्टीतली माकडं करतात ते. 'आभास' तर त्याहून वाईट, कारण इथे सगळा हिशेब असतो. आयएनएस दीपकसारखं तेलवाहू जहाज आणि युद्धनौका साधारण ५० मीटर अंतर राखून, १२ ते १६ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने शेजारी-शेजारी चालतात. मधल्या ताणलेल्या तारेवरून लोंबकळत होज, म्हणजे तेलाची नळी जाते. दोन जहाजांमधलं पाणी जास्त वेगाने धावतं, तिथला दाब घटतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. ही ओढ गणितात घातली नाही, तर शिकाऊ अधिकाऱ्याला पडद्यावर सुकाणू सांभाळणं सोपं वाटतं, समुद्रात ते तसं नसतं. तारेचंही तेच. तार ओढते, ढकलत नाही. गणितात तिला साधी स्प्रिंग धरली की ढिली पडल्यावर ती जहाजांना चक्क ढकलू लागते. ढिली तार एकदम ताणली जाताना बसणारा हिसका पकडायचा तर संगणक ज्या टप्प्यांनी वेळ पुढे सरकवत हिशेब करतो, ते काळाचे टप्पे बारीक घ्यावे लागतात. 'सदृशीकरण' म्हणा, नाहीतर सरळ सिम्युलेशन.

खरी मौज 'रसद'मध्ये आहे. 'रस देते ती रसद' ही व्युत्पत्ती ठोकून देणाऱ्यांनी कृपया थांबावं. शब्द फारसी आहे: रसीदन म्हणजे पोहोचणं. 'रसद' म्हणजे पोहोचतं, वाट्याला येतं. 'रसीद' म्हणजे पोहोचलं. माल निघताना रसद, मिळाल्यावर रसीद! संस्कृतशी नातं हवंच असेल तर ते खरंखुरं आहे: प्राचीन फारसीतलं 'रस-' आणि संस्कृतातलं 'ऋच्छति' ही सख्खी भावंडं. मग खोटा 'रस' कशाला पिळायचा?

'आर्थिक रसद' हा वर्तमानपत्री अपभ्रष्ट प्रयोग आहे, असं शुद्धिवादी सांगतात. पण पेशवाईत कमावीसदार (महसूल गोळा करणारे अधिकारी) महसुलापोटी सरकारात आगाऊ रक्कम भरत, तिला रसदच म्हणत. तेव्हा पैशाची रसद दाण्यागोट्याच्या रसदेइतकीच मुरलेली आहे.

आणि मराठीने रसीद घेतली तरी आपलं नाणंही पाडलंच. पावणे म्हणजे पोहोचणे, त्यावरून पावती. नवसाला देव पावतो, तोही हाच पावणे.