वचन न देणारं प्रेमगीत

जुन्या हॉलिवूड संगीतपटांतलं एकच प्रेमगीत ऐकायचं तर कोणतं, असं तुम्ही विचारलंय. मी ‘स्विंग टाइम’ (१९३६) मधलं ‘द वे यू लुक टुनाइट’ सांगेन. संगीत जेरोम कर्न यांचं, शब्द डोरोथी फील्ड्स यांचे.

आज ते लग्नसमारंभांत वाजतं, पण चित्रपटात ते रुसवा काढायला येतं. नायक लकी (अभिनेता फ्रेड अस्टेअर) नायिका पेनीची (अभिनेत्री जिंजर रॉजर्स) समजूत घालायला आलाय. ती आत केस धुतेय, त्याच्याशी बोलायला तयार नाही. तो पियानोवर बसून गाऊ लागतो. ऐकता ऐकता भान विसरून ती बाहेर येते, डोक्यावर शाम्पूचा फेस तसाच! त्याच्या खांद्यावर हात ठेवते, मग आरशात स्वतःला पाहते आणि आत पळते. गाणं चाललंय तिच्या देखणेपणाचं, आणि ती अशा अवतारात. फील्ड्स यांनीही कौतुकासाठी काय निवडलंय, तर हसताना तिच्या नाकावर उमटणाऱ्या सुरकुत्या. मला हे फार आवडतं.

आता शब्द नीट ऐका. कधीतरी मी खचलेला असेन, जग थंड वाटेल, तेव्हा तुझ्या आठवणीनं ऊब येईल, एवढंच तो म्हणतो. जन्मभराच्या साथीची भाषा कुठेच नाही. ती तो करणार तरी कशी? गावी त्याचं लग्न ठरलंय. पंचवीस हजार डॉलर कमावून परत यायचं, या अटीवर तो न्यूयॉर्कला आलाय, आणि पेनीला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या हातात फक्त आजची रात्र आहे. गाण्यातली हुरहुर मला तिथूनच आलेली वाटते.

चालही तशीच. सुरुवात पंचमावरून (प) थेट षड्जावर (सा) उतरते आणि मग हळूहळू वर चढते. मधल्या कडव्यात तर कोमल गंधारच (ग) षड्ज होतो, म्हणजे गाण्याची पट्टीच बदलते आणि सगळा रंग पालटतो. कर्न यांनी चाल पहिल्यांदा वाजवून दाखवली तेव्हा फील्ड्स यांना रडू आवरलं नव्हतं. या गाण्याला ऑस्कर मिळालं, आणि गीतासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

फ्रँक सिनात्रा यांचं १९६४ चं ध्वनिमुद्रण जास्त वाजतं. ते झोकदार आहे, पण त्यात गाणाऱ्याला कसलीच धास्ती नाही. म्हणून आधी अस्टेअरचं ऐका, तेही चित्रपटातल्या प्रसंगासकट.