वचनाची चिठ्ठी आणि तुझा प्रश्न

प्रिय बाळा,

सलाम. तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण दोन ओळी लिहून पुसल्या, कारण हे असं घाईत लिहायचं नाही असं वाटलं. आज दुपारी निवांत बसलेय, म्हणून सावकाश लिहिते, तू पण सावकाश वाच.

तू लिहिलंयस की मावशी, 31 डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे चर्चमधल्या रात्रीच्या भक्तीला, वर्षाचं वचन म्हणून सगळे चिठ्ठी काढतात त्यात मला यिर्मया 29:11 ची चिठ्ठी आली, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, मी वर्षभर ती पर्समध्ये ठेवली, मोबाईलच्या वॉलपेपरवर लावली, रोज सकाळी ते वचन बोलून अभ्यासाला बसले, बँकेच्या परीक्षेआधी तीन दिवस उपास पण केला, आणि मेन्समध्ये दोन मार्कांनी गेलं. मग ते वचन खोटं होतं का माझा विश्वास खोटा होता. आणि त्यानंतर तू चार रविवार चर्चला गेली नाहीस.

पहिलं सांगते, तुझा प्रश्न पाप नाहीये. तुला कोणी तसं म्हणालं असेल तर सोडून दे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दावीद राजा सरळ विचारतो, हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार? हे तेराव्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य आहे, आणि देवाने ते शास्त्रातून काढून टाकलं नाही, उलट पिढ्यान्‌पिढ्या लोकांना गायला दिलं. त्यामुळे तू जे विचारतेस ते देवाला विचारण्यासारखंच आहे, फक्त ते त्यालाच विचार, त्याच्यापासून लांब जाऊन स्वतःशी बोलत बसू नकोस एवढंच माझं म्हणणं.

आता चिठ्ठीचं. आपल्या मराठी मंडळीत एक गंमत होते बघ, आपण बायबलच्या ओळीला पण वचन म्हणतो आणि दिलेल्या शब्दाला पण वचनच म्हणतो. पाळक साहेब म्हणतात "पाचवं वचन वाचा", आणि आपण घरी येऊन म्हणतो "मला वचन मिळालं". शब्द एकच असल्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की प्रत्येक ओळ म्हणजे मला नावानिशी दिलेला शब्द. पण ओळ ओळ असते, ती कोणीतरी कोणालातरी कधीतरी सांगितलेली असते, आणि शब्द दिलाय की नाही, कोणाला दिलाय, कशाचा दिलाय, हे ती ओळ जिथे आहे तिथे जाऊन बघावं लागतं. आमच्या आईकडे वचनांची एक छोटी डबी होती, त्यात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या असायच्या आणि रोज सकाळी चहाच्या आधी आम्ही एक-एक काढायचो. आईचं ते प्रेम होतं आणि त्या डबीने मला लहानपणीच शंभरेक वचनं पाठ करून दिली, त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. पण मोठी झाल्यावर लक्षात आलं की त्या डबीत सगळ्या गोड चिठ्ठ्या होत्या. "जगात तुम्हांला क्लेश होतील" ही चिठ्ठी मला कधी आली नाही. योहान 16:33. आणि ते प्रभू येशूने स्वतःच्या तोंडाने दिलेलं वचन आहे, क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे. अर्धं डबीत ठेवता येत नाही, ते अख्खंच घ्यावं लागतं.

तर आता यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय काढ. माझ्यासाठी म्हणून एकदा अख्खा वाच, नुसतं अकरावं वचन नको. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यिर्मया, देवाचा निरोप सांगणारा संदेष्टा, यरुशलेमेत आहे आणि तो पत्र लिहितोय बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, इ.स.पू. 597 मध्ये तिथल्या नबुखद्नेस्सर राजाने ज्यांना पकडून नेलं त्या लोकांना. घरं गेली, शेतं गेली, मंदिर लांब राहिलं, परक्या भाषेच्या देशात बसलेत. आणि त्यांच्यात काही संदेष्टे फिरतायत जे सांगतायत की काळजी करू नका, लवकरच परत जाऊ. एक अध्याय मागे जा, तिथे हनन्या नावाचा माणूस आहे, त्याने मंदिरात सगळ्यांसमोर सांगितलं की दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि यिर्मयाने बाबेलची गुलामी दाखवायला मानेवर घातलेलं लाकडी जू काढून मोडून टाकलं. लोकांना किती आवडलं असेल ते! यिर्मया पण आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. त्यालाही तसंच व्हावंसं वाटत होतं. पण देव तसं बोलला नव्हता.

देव काय बोलला? दोन नाही, सत्तर वर्षं. दहावं वचन आहे ते, तुझ्या चिठ्ठीच्या बरोबर वरचं. म्हणजे ज्या तिशीतल्या माणसाने बाबेलात बसून ते पत्र ऐकलं असेल त्याला साधा हिशेब समजला असणार की मी काही परत जात नाही, माझी नातवंडं जातील. आणि त्याच माणसाला देव म्हणतोय, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे वाचून मी कितीतरी दिवस त्या एका गोष्टीवर अडकून होते. मग पाचव्या वचनापासून पुढे वाचलं तेव्हा उलगडलं: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे हित पुढे कुठेतरी सत्तर वर्षांनी सुरू होणार नव्हतं, देव त्यांच्याबरोबर बाबेलात पण होता, फक्त त्यांनी ठरवलेल्या तारखेला तो बांधलेला नव्हता.

तू ज्याला वचन समजून धरलंस त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या बाळा. एक देवाने दिलेली, की तो आपल्या लोकांना टाकत नाही, आणि दुसरी आपण जोडलेली, की या वर्षी, या परीक्षेत, या पोस्टवर. पहिली मोडलेली नाही. दुसरी त्याने दिलीच नव्हती. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुझी मेहनत मला माहितीये, पण खरं सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी तू अजून एका चिठ्ठीवर असंच सगळं टांगशील.

मग ते पत्र आपल्यासाठी नाहीच का, असं विचारशील. आहे. पण ते आपल्यापर्यंत येशूमधून येतं. प्रेषित पौल दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात म्हणतो, देवाची वचनं कितीही असोत, त्यांचं "होय" ख्रिस्तात आहे. म्हणून एखादं वचन हातात आलं की मी आधी विचारते, हे येशूच्या आयुष्यात कसं खरं झालं? स्तोत्र 91 घे, देवदूत तुला हातांवर झेलतील. हे वचन सैतानाने येशूला सांगितलं, मत्तय चौथा अध्याय, मंदिराच्या शिखरावर उभं करून, की उडी मार. वचन खरं होतं, वापर खोटा होता. येशूने उडी मारली नाही, तो म्हणाला देवाची परीक्षा पाहू नको. आणि शेवटी, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत तो काय बोलला, बापा तुला सगळं शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. मागितलं पण, सोडलं पण, दोन्ही एकाच प्रार्थनेत. ज्याच्याइतका विश्वास कोणाचाच नव्हता त्याचा प्याला दूर झाला नाही. त्यामुळे तुला कोणी म्हणालं की तुझा विश्वास कमी पडला म्हणून नाही झालं, तर गेथशेमाने आठव.

हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा होता, किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी नर्स, रिपोर्टमधले आकडे मला कळायचे आणि तरी मी रात्री यशया 53 काढून बसायचे, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले, आणि म्हणायचे प्रभू तू बोललायस, आता कर. एक गृहस्थ प्रार्थनेला यायचे, ते म्हणाले डायलिसिस चालू ठेवता म्हणजे अर्धा विश्वास आहे. मी डायलिसिस थांबवू दिलं नाही आणि आजही मला ते बरोबरच वाटतं, तुझ्या ओळखीत कोणाला असं कोणी सांगत असेल तर तूही होऊ देऊ नकोस, औषध घेणं म्हणजे अविश्वास नाही. भाऊ गेला. मातीच्या दिवशी एकाने हळूच म्हटलं, विश्वासाने धरलं असतं तर राहिला असता. ते वाक्य मी किती वर्षं छातीवर घेऊन फिरले ते मलाच माहिती.

पण शेवटच्या आठवड्यात भावाने मला यशया नाही वाचायला सांगितलं, तेविसावं स्तोत्र सांगितलं. आणि वाचता वाचता मला एक दिसलं जे मी लहानपणापासून पाठ असूनही पाहिलं नव्हतं. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाबद्दल "तो" म्हणतो, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला पाण्याजवळ नेतो. मृत्युच्छायेची दरी आली की "तो" जातो आणि "तू" येतो. कारण तू माझ्याबरोबर आहेस. हिरव्या कुरणात देवाबद्दल बोलता येतं, दरीत देवाशीच बोलावं लागतं. आणि दरी टळेल असं तिथे कुठे लिहिलेलं नाही, बरोबर आहेस एवढंच लिहिलंय. भाऊ म्हणाला, ताई हेच परत वाच. मी परत वाचलं.

तू केडगावला गेली असशील ना, पुणे-दौंड लाईनवर, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. नसशील तर आपण जाऊ. त्या बाईंचं आयुष्य बघ, आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मुलगी. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा मुक्तीत आणल्या, सांभाळल्या. आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत करायला बसल्या, साध्या बायांना कळेल अशा मराठीत, छपाईचं काम पण मुक्तीच्या बायका-मुली करायच्या. 1921 साली ती एकुलती एक मुलगी, मनोरमा, पण गेली, जिच्यावर पुढचं सगळं सोपवायचं होतं. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 ला बाहेर आलं. मी नेहमी विचार करते, या बाईने यिर्मया 29:11 हिब्रूतून एक-एक शब्द करून मराठीत आणलं असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल. तिच्याकडे ते वचन खोटं ठरवायला तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कारणं होती.

आता प्रार्थना कशी करायची ते विचारलंयस. मला जे जमतं ते सांगते. याकोबाची प्रार्थना काढ, उत्पत्ती 32. त्याने फसवलेला भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन येतोय, याकोब घाबरलाय, आणि तो काय करतो, आधी स्वतः बोलतो की मी तुझ्या दयेला पात्र नाही, मग म्हणतो मला भीती वाटते, मला सोडव, आणि मग म्हणतो, "तू म्हणाला होतास." एवढंच, तू म्हणाला होतास. आणि त्याला देव खरंच म्हणाला होता, ऐकीव नव्हतं. तू पण असंच कर, एक वही घे, त्यात आधी भीती लिही, जशी आहे तशी, मग देव खरंच काय बोललाय ते लिही, अध्याय उघडून, वरची दहा वचनं आणि खालची दहा वचनं वाचून, आणि मग त्याला वाचून दाखव. आणि जे तुला हवंय पण देवाने सांगितलेलं नाही, ते पण मागच, नोकरी माग, पोस्टिंग घराजवळ माग, मागायला कधीच बंदी नव्हती. फक्त ते मागणं म्हणून ठेव, वचन म्हणून त्याच्या नावावर लावू नकोस.

आणि वचन आहे म्हणून गप्प बसायचं नसतं, हे दानीएलाकडून शिक, तोही बाबेलात नेलेल्यांपैकीच. नवव्या अध्यायात तो यिर्मयाचंच पुस्तक वाचतोय, त्याला सत्तर वर्षांचा आकडा सापडतो, वेळ भरत आलीये हे कळतं. तो म्हातारा झालाय. मग तो आरामात बसत नाही, उपास करून, गोणपाट नेसून प्रार्थनेला बसतो. म्हणजे खरं वचन माणसाला गुडघ्यावर आणतं. तो स्वतः परत गेला असं कुठे दिसत नाही बरं का, तरी मागत राहिला, दुसऱ्यांसाठी.

उपासाबद्दल एक, पुढच्या वेळी परीक्षेच्या आधी तीन दिवस निर्जळी वगैरे करू नकोस, पेपरला चक्कर येते. जेवून अभ्यास कर.

चर्चला ये म्हणून मी तुला जबरदस्ती करणार नाही. पण रविवारी भक्तीला आलीस तर मागच्या बाकावर माझ्या शेजारी बस, गाणं म्हणावंसं वाटलं नाही तर म्हणू नकोस, मी म्हणेन. साक्षीच्या वेळी कोणी उठून सांगेल की प्रभूने मला नोकरी दिली, तेव्हा तुला टोचेल, मला माहितीये, भाऊ गेल्यावर कोणी बरं झाल्याची साक्ष दिली की मी बाहेर जाऊन उभी राहायचे. तू बाहेर गेलीस तर मी पण येईन.

ती चिठ्ठी फेकू नकोस. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला पाचव्या ते दहाव्या वचनाचं सगळं बारीक अक्षरात लिही, घरं बांधा, बागा लावा, सत्तर वर्षं, सगळं, आणि मग परत पर्समध्ये ठेव. रात्री दहानंतर मी जागीच असते, फोन कर.

तुझी,
मावशी