तीन दुकानं, एकच ऑफिस: चलन त्या-त्या दुकानातल्या प्रिंटरवर कसं काढायचं?
ऑफिसातून चलन काढलं की थेट त्या दुकानात छापून यायला हवं, एवढंच ना? मग राउटरवर ९१०० पोर्ट (प्रिंटर ज्यावर छपाईचं काम घेतो तो) उघडून प्रिंटर इंटरनेटवर टाकायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, कोणीही बाहेरून कागद संपवेल तुमचा. गूगल क्लाउड प्रिंट ही इंटरनेटवरून छापायची सेवा तर २०२० च्या शेवटी बंदच झालं, जुने व्हिडिओ बघत बसू नका.

टेलस्केल वापरा, म्हणजे वेगवेगळ्या जागचे संगणक इंटरनेटवरून एकाच खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं व्हीपीएन ॲप. प्रत्येक दुकानात कायम चालू असलेला एक पीसी किंवा रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) लागेल, त्याला टेलस्केलमध्ये सबनेट राउटर करायचं (म्हणजे त्याच्यामार्फत दुकानातल्या प्रिंटरपर्यंत ऑफिसातून पोचता येतं), प्रिंटरचा आयपी राउटरमध्ये फिक्स करायचा आणि ऑफिसच्या विंडोजवर टीसीपी/आयपी पोर्टने प्रिंटर ॲड करायचा, बस. सीजीनॅटवालं (अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी वाटलेलं) ब्रॉडबँड असलं तरी चालतं, स्टॅटिक आयपीचे पैसे वाचतात.

पण एक बघा, सगळीकडे राउटरची १९२.१६८.१ वालीच आयपी रेंज असेल तर गोंधळ होणार, म्हणून आधी एका दुकानाला १९२.१६८.१०, दुसऱ्याला १९२.१६८.२०, तिसऱ्याला १९२.१६८.३० अशी रेंज द्या. आणि प्रिंटरला नाव दुकानाचंच द्या, नाहीतर साताऱ्याचं चलन चिंचवडला निघेल.

यूएसबीवाला प्रिंटर असेल तर त्या पीसीवरूनच शेअर करावा लागेल, जरा कटकट आहे.