१९७२ची जपानी रेकॉर्ड 'युगांडा' पुन्हा छापली गेली आहे. घ्यावी का, आणि ऐकावी कशी?

तुम्ही विचारलंय की अकिरा इशिकावा आणि काउंट बफेलोज यांच्या 'युगांडा'ची नवी प्रत दुकानात दिसली, वर्णनात 'जपानी सायकेडेलिक रॉक आणि आफ्रिकन तालवाद्यं' असं वाचलं, किंमत बघून हात मागे घेतला, तर ती घ्यावी का? घ्या. पण वर्णनातले 'आफ्रिकन' आणि 'सायकेडेलिक' (म्हणजे भान हरवल्यासारखं, तंद्रीचं रॉक) हे दोन शब्द डोक्यात ठेवून सुई टेकवलीत, तर पहिल्या फेरीत निराश व्हाल. मी झाले होते.

माझी चूक अशी झाली की मी आफ्रिका शोधत होते. ही रेकॉर्ड टोकियोची आहे, आणि त्याहून जास्त ती एका ड्रम वाजवणाऱ्या माणसाची आहे. इशिकावा मूळचे जॅझ ड्रमर, स्टुडिओतल्या कामात मुरलेले. काउंट बफेलोज हा त्यांचाच संच. जपानमध्ये १९६६मध्ये बीटल्स टोकियोच्या बुडोकान सभागृहात वाजवून गेले, त्याच सुमारास 'ग्रुप साउंड्स' नावाची गोड गाण्यांची लाट आली आणि दशक संपता संपता ओसरली. त्यानंतर जे जड, लांबलचक, गिटारने भरलेलं संगीत आलं त्याला तिथे 'न्यू रॉक' म्हणत. त्या काळात जॅझवाले आणि रॉकवाले एकाच स्टुडिओत सहज एकत्र बसायचे. 'युगांडा'वर गिटार आहे किमिओ मिझुतानी यांची. ते ग्रुप साउंड्सच्या एका बँडमधून आलेले, आणि १९७१मध्ये त्यांची स्वतःच्या नावाची रेकॉर्डही निघाली होती. तेव्हाच्या जपानी रॉकमध्ये थोडं खोल गेलात की हे नाव पुन्हा पुन्हा भेटतं. त्यांच्या गिटारचा आवाज फझ (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं उपकरण) लावलेला, कडा फाटलेला, पण बोटं अगदी स्वच्छ. मला तरी ती जोडी दुसरीकडे क्वचितच सापडली.

रेकॉर्डवर चारच रचना आहेत, सगळ्या लांब. नावं स्वाहिलीच्या वळणाची. पहिलीच्या नावात 'वन्यामा' म्हणजे प्राणी आणि 'मपंबाझुको' म्हणजे पहाट हे शब्द आहेत, आणि रेकॉर्डचं उपशीर्षकही रॉकच्या पहाटेबद्दलच आहे. दुसरीच्या नावात 'पेंडा साना', म्हणजे खूप प्रेम. तिसरी 'वीटा', म्हणजे युद्ध. आपली वीट मनात आणू नका. चौथी 'पिग्मी'. हा शेवटचा शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे. काँगोच्या इटुरी जंगलातले म्बुटी, युगांडाच्या नैऋत्येचे बाट्वा असे वेगवेगळे समाज त्या एका शब्दात कोंबले जातात, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या संगीतात ड्रमपेक्षा एकात एक गुंफलेले गळे महत्त्वाचे असतात. शिवाय युगांडाच्या बुगांडा भागातली घरची भाषा लुगांडा आहे, स्वाहिली नव्हे. हे सांगण्यामागे खोट काढायचा हेतू नाही. दूरवरच्या टोकियोतून एक कलाकार एका खंडाकडे ओढीने बघतोय, ते बघणं या नावांत दिसतं. आणि ती ओढ तात्पुरती नव्हती. १९७५च्या 'बॅक टू रिदम' या रेकॉर्डवर इशिकावांनी नायजेरियाचे गायक-संगीतकार फेला कुटी यांची रचना वाजवली, आणि पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात ते केनियात राहायला गेले. हे कळल्यापासून माझा या रेकॉर्डकडे बघण्याचा सूर बदलला.

एक गोष्ट मात्र मला दर वेळी टोचते. ही रेकॉर्ड १९७२ची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात गुजराती बहुसंख्य होते, पण गोव्याहून गेलेली कितीतरी कुटुंबंही होती. कंपालात त्यांची शाळा-क्लब-चर्चची पूर्ण दुनिया होती. तेव्हा 'युगांडा' या नावाचा एक स्वप्नाळू अर्थ टोकियोत होता आणि दुसराच आपल्या माणसांच्या घरांत.

आता कशी ऐकावी. मी लहानपणी सहा-सात वर्षं तबला शिकले, त्यामुळे कान आपोआप सम शोधतो. इथे ती लगेच सापडते, कारण खाली रॉकचा ड्रमसेट आहे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका बसला की प्रश्न मिटतो. त्यावर जी हाताने वाजवायची वाद्यं आहेत ती या चौकटीवर नक्षी काढतात, चौकट हलवत नाहीत. बुगांडाच्या संगीतात नेमकं उलटं घडतं. तिथलं अमडिंडा हे वाद्य घ्या: बारा लाकडी पट्ट्या, केळीच्या खांबांवर आडव्या टाकलेल्या. दोन वादक समोरासमोर बसतात आणि एकाच वेगात वाजवतात, पण एकाचा प्रत्येक ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत पडतो. तिसरा वादक वरच्या दोन पट्ट्यांवर असतो. ऐकणाऱ्याच्या कानात जी चाल उमटते ती कुणाच्याच हातात नसते. सम कुठली, हे प्रत्येक वादकाला वेगळं वाटू शकतं. आपल्याकडे दीडपट म्हणजे आड लय करताना क्षणभर जमीन सरकते ना, तसं, पण ती सरकलेली जमीनच तिथे कायमची.

म्हणून 'युगांडा' ऐकताना माझं लक्ष एका ठिकाणी लागून राहतं: इशिकावा स्नेअरचा तो ठरलेला फटका सोडून टॉमवर, म्हणजे खोल आवाजाच्या ड्रमांवर, उतरतात तेव्हा. तेवढ्या काळात एक माणूस दोन हात आणि दोन पायांनी चार माणसांचं काम करायला बघतो. जमतं असं नाही म्हणणार, पण तो प्रयत्न आणि त्यावर मिझुतानींची गिटार हे मला या रेकॉर्डवरचं सर्वात खरं संगीत वाटतं. पहिल्यांदा फक्त ड्रम ऐका, गिटारकडे लक्षच देऊ नका. दुसऱ्या फेरीत गिटार आपोआप येईल.

प्रतीबद्दल. मूळ १९७२ची तोशिबाची प्रत संग्राहकांच्या हातात आहे आणि तिची किंमत आपल्यासारख्यांसाठी नाही. (त्या काळात तोशिबा आपल्या पुष्कळ तबकड्या लाल रंगात काढायची, धूळ कमी धरावी म्हणून, कुणाच्या हातात अशी लाल तबकडी दिसली तर तिला नकली समजू नका.) तुम्ही बघितलेली नवी प्रत बहुधा मिस्टर बोंगो या ब्रिटिश कंपनीची असेल. त्यांनी ही आणि 'बॅक टू रिदम' दोन्ही पुन्हा काढल्या आहेत. घेण्याआधी मागच्या कव्हरवर बारीक अक्षरांतली परवान्याची ओळ शोधा. कुणाकडून परवाना घेऊन छापली हे तिथे लिहिलेलं असतं. मी एकदा दुसऱ्याच एका जपानी रेकॉर्डच्या बाबतीत ही ओळ न बघता पैसे दिले. घरी आल्यावर कळलं की जुन्या तबकडीवरूनच आवाज उतरवून घेतलाय. मूळ तबकडीवरचे ओरखडे नव्या, कोऱ्या तबकडीत जसेच्या तसे वाजत होते. झांजेचा आवाज तर वाळू ओतल्यासारखा. ड्रमच्या रेकॉर्डमध्ये असं झालं तर काहीच उरत नाही. तबकडीचं वजन १८० ग्रॅम आहे यावर भुलू नका, वजनाने आवाज सुधारत नाही. आवाज कुठून घेतला आणि तबकडीच्या साच्यासाठी तो कुणी कोरला यावर सगळं असतं.

रेकॉर्ड प्लेअर नसेल तर आधी फोनवर चांगल्या हेडफोनने ऐका, मग ठरवा. त्याच संध्याकाळी बुगांडाच्या अमडिंडाचं कुठलंही जुनं ध्वनिमुद्रण शोधून दहा मिनिटं ऐका, पायाने ताल धरायचा प्रयत्न करा, तो चुकू द्या. आणि मग 'वीटा' पुन्हा लावा.