अक्का म्हणाल्या, देवानं मला काहीच दिलं नाही

"मॅडम, देवानं प्रत्येकाला काही ना काही दिलंय म्हणतात, मग मला काय दिलं?" मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की काय सांगू. कॉलेजची पोरं विचारतात, रिटायर झालेले काका विचारतात, बायका मात्र सहसा विचारतच नाहीत, त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं की आपल्या वाट्याला काही आलेलं नाही. आज अशाच एका बाईंबद्दल लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, आणि नावाऐवजी अक्का म्हणते कारण त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणतात.

अक्का सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहतात. वय चाळिशीच्या जरा अलीकडे. नवरा टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, अक्का घरी विड्या वळतात, आईपण तेच करायची. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. माझ्याकडे त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. नववीतल्या मुलीला परीक्षेची भीती बसली होती म्हणून तिला घेऊन येत होत्या. मुलगी तीन-चार भेटींत बरीच सावरली, आणि शेवटच्या दिवशी तिला बाहेर बसवून अक्का आत आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझं पण एक विचारायचं होतं, पैसे वेगळे देते."

झालं असं होतं की त्यांच्या बचत गटाचा 8 मार्चचा कार्यक्रम होता. पाहुण्या बाईंनी सगळ्यांना उभं करून म्हटलं, प्रत्येकीनं आपली एक कला सांगा. कुणी रांगोळी, कुणी भजन, कुणी कडक भाकरी, एकीनं तर तिथंच गाणं म्हटलं. अक्कांची पाळी आली. "मी म्हटलं मला काय येत नाही, विड्या येतात, आणि बसले. कुणी हसलं पण नाही की ओ मॅडम. लगेच पुढचीकडं बघायला लागले सगळे." हे सांगताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं साडीच्या पदराचं टोक गुंडाळत होती, दोन बोटांनी दाबायचं, अंगठ्यानं फिरवायचं, टोक दुमडायचं, सोडायचं, परत तेच. बरीच वर्षं रोजच्या शेकड्यांनी विड्या वळलेला हात, त्यांना पत्ताच नव्हता तो चालूय म्हणून.

"मार्कंडेयाच्या रथाला दरवर्षी नारळी पौर्णिमेला मी उभी असते," त्या म्हणाल्या, "पोरांसाठी मागते, ह्यांच्या तब्येतीसाठी मागते. ह्या वर्षी मनात आलं, देवा, मला पाठवताना रिकामीच पाठवलं का?"

इथं माझी एक चूक झाली ती सांगायलाच पाहिजे. मी घाई केली. माझ्याकडं क्षमता तपासायच्या ज्या लेखी चाचण्या आहेत त्यातली एक त्यांना दिली, वेळ लावून सोडवायची असते ती. मराठी वाचायचा त्यांचा वेग कमी, घरात तेलुगू, शाळा सुटल्याला वीसेक वर्षं झालेली. भाषेच्या भागात त्यांचे मार्क सगळ्यात कमी आले. त्यांनी कागद बघितला, मान हलवली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. त्या चाचण्या वाईट नाहीत, दहावी-बारावीच्या मुलांना शाखा निवडताना खरंच उपयोगी पडतात, पण त्या बसून कागदावर जे करता येतं तेवढंच मोजतात आणि मी ते विसरले होते. (आणि विषय निघालाच आहे तर, बोटांचे ठसे घेऊन मुलाचं टॅलेंट सांगतो म्हणणारे रिपोर्ट असतात ना, हजारो रुपये घेतात, त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही. फाईल जाड असते, रंगीत असते, आईबाप विश्वास ठेवतात. नका देऊ ते पैसे, हात जोडून सांगते.)

पुढच्या भेटीत मी कागद बाजूला ठेवले आणि अक्कांना एकच काम दिलं. दोन आठवडे, तुमच्या दारात कोण आलं आणि कशासाठी आलं, एवढंच लिहायचं. लिहायला जमत नसेल तर मुलीला सांगा. त्या म्हणाल्या, ह्यात काय लिहायचं, शेजारीपाजारी येतातच की.

वही आली तेव्हा बारा दिवसांत एकोणीस नोंदी होत्या, मुलीच्या गोल गोल अक्षरात. समोरच्या आजींच्या शुगरच्या गोळ्या, कुठली कधी. वरच्या मजल्यावरची सून रुसून माहेरी निघालेली, सासूशी बोलणं. एका काकूंसोबत सिव्हिलला, सोनोग्राफीच्या कागदावर काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारून काकूंना सांगणं. तिथंच अक्कलकोट तालुक्यातून आलेली एक कन्नड बोलणारी म्हातारी, ओळख ना पाळख, तिला एक्स-रे कुठं काढायचा ते दाखवून परत डॉक्टरांपर्यंत आणणं. पीएफच्या फॉर्मवर नाव चुकलेलं. मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आलीय, वाचून दाखव. परत समोरच्या आजी. एकोणीसपैकी एकही जण भाजी उसनी मागायला आलेला नव्हता. सगळे एकाच कामाला येत होते, ह्या बाजूचं त्या बाजूला कळेल असं सांगून घ्यायला.

मी विचारलं, आजींचं काय, त्यांना वाचता येतं? "नाही की. म्हणून तर मी चित्र काढून दिलं." कसलं चित्र? मोबाईलमध्ये फोटो होता. गोळ्यांच्या पाकिटांवर बॉलपेननं काढलेलं, एकावर सूर्य, एकावर चंद्रकोर, आणि खाली ताट. रिकामं ताट म्हणजे जेवणाआधी, ताटात भाकरी म्हणजे जेवल्यावर. एका पाकिटावर सूर्य पण आणि चंद्र पण. शेजारी आजींनी मोजायला काढलेल्या रेघा. कुणी शिकवलं? "कुणी नाही. आजी सकाळची रात्री घ्यायच्या, चक्कर येऊन पडल्या एकदा, मग मला रात्रभर झोप नाही लागली, सकाळी हे सुचलं."

अजून एक गोष्ट त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली. दवाखान्यातून बाहेर आल्यावर त्या त्या माणसाला कट्ट्यावर बसवतात आणि म्हणतात, आता तू मला सांग बघू, घरी जाऊन सुनेला काय सांगणार? चुकलं की परत सांगतात, वेगळ्या शब्दात. हे ऐकून मी लिहायचं थांबले. पेशंटला "समजलं का" असं विचारायचं नाही, त्याच्याच तोंडून त्याच्या शब्दात वदवून घ्यायचं, ही पद्धत डॉक्टर-नर्सना ट्रेनिंगमध्ये मुद्दाम शिकवतात, टीच-बॅक म्हणतात तिला. गोळ्यांवर चित्रं काढणं हीसुद्धा आरोग्य क्षेत्रातली मान्य पद्धत आहे. अक्कांनी दोन्ही गोष्टी स्वतःच्या डोक्यानं शोधल्या होत्या, आणि त्याच अक्का 8 मार्चला मला काय येत नाही म्हणून खाली बसल्या होत्या.

पण त्यांना हे पटेना. "हे काय टॅलेंट झालं का मॅडम, हे तर कुणी पण करतं." मी म्हटलं बरं, तुमच्या गल्लीत किती घरं? चाळीसेक. त्यातल्या किती जणींना हे काम सांगाल? मी गप्प बसले. त्यांनी एकेक दार मनात आठवत बोटं मोजली, एका नावावर थांबल्या, "ती करेल... पण ती ओरडते," आणि ते बोट परत मिटलं. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "येडं कोण उन्हात दुसऱ्याच्या कागदामागं फिरणार."

भाषा किती येतात विचारलं तर म्हणाल्या एक पण धड नाही. तेलुगू घरची, मराठी शाळेतली, कन्नड लहानपणी शेजारच्या घरात खेळून आलेली, हिंदी विडीच्या कारखान्यात मैत्रिणींकडून. चार झाल्या! सोलापुरात हे आपल्याला नवल वाटत नाही, नाक्यावरचा चहावाला पण तीन भाषांत उधारी मागतो, म्हणून आपण ते मोजतच नाही. ह्याच गावात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 ला चीनला गेले तेव्हा तिथं चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांशी बोलता यावं म्हणून. त्यांचं घर आता स्मारक आहे, शाळेच्या सहली जातात. मी अक्कांना म्हटलं, पेशंटशी त्याच्या भाषेत बोलणं ही त्यांच्या कामातली केवढी मोठी गोष्ट होती, आणि ती तुमच्याकडं आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पदर गुंडाळणं मात्र थांबलं होतं.

माझा अनुभव असा आहे की जी गोष्ट देवानं खास आपल्याला दिलेली असते ती आपल्याला दिसत नाही कारण ती करताना दमायला होत नाही, आणि आपली समजूत अशी की ज्यात घाम गाळला तेच खरं. म्हणून "मला काय येतं" हे स्वतःला विचारून उपयोग नाही. लोक माझ्याकडं कशासाठी येतात ते बघायचं. आणि दुसरं, कुठलं काम कुणी वाईट केलं की मला राहवत नाही ते बघायचं. एका दवाखान्यात कुणीतरी एका म्हाताऱ्या बाईला भराभर सांगून पुढच्याला हाक मारली हे सांगताना अक्कांचा चेहरा लाल झाला होता, दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट तरी. दुसऱ्यांना जिथं काही खटकत पण नाही तिथं आपला जीव तुटतो, तिथं थांबून बघावं.

टॅलेंट ह्या शब्दाची गोष्ट मी सगळ्यांना सांगते, धर्म कुठलाही असो. टॅलेंट हे मुळात जुन्या काळचं वजन, तेवढ्या वजनाची चांदी म्हणजे मोठी रक्कम. येशूच्या दृष्टांतात मालक परगावी जाताना नोकरांकडं रक्कम सोपवतो, एकाला पाच टॅलेंट, एकाला दोन, एकाला एक. पहिले दोघं ती दुप्पट करतात, तिसरा घाबरून जमिनीत पुरून ठेवतो. आपण ऐकताना समजतो की तिसऱ्याला बिचाऱ्याला कमी मिळालं. पण त्या काळी एक टॅलेंट म्हणजे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वीस वर्षांची कमाई त्याच्या हातात होती! तो अडला भीतीमुळं, त्याच्याकडं कमी होतं म्हणून नाही.

अक्कांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग मी पुरलं नव्हतं मॅडम. वापरत होते. फक्त मोजलं नव्हतं." मी ते वाक्य त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं.

इथून पुढं सगळं गोड झालं असं नाही. नवरा एकदा भेटायला आला, रात्रपाळी करून, डोळे लाल. त्याचं म्हणणं सरळ होतं. ही ज्या दिवशी दुसऱ्यासोबत दवाखान्यात जाते त्या दिवशी विड्या निम्म्या होतात, मजुरी निम्मी, पान ओलं करून ठेवलेलं वाया जातं. "देवानं दिलं म्हणून काय फुकट वाटत सुटायचं?" खरं सांगू का, मला त्याचा राग नाही आला. बायकांच्या हातात जे असतं ते घरादारानं फुकट धरलेलं असतं, हे तो नकळत बरोबरच बोलत होता. अक्कांना मात्र पैसे घ्यायचं नावच नको, पाप वाटायचं. ह्यावर आम्ही तीन भेटी घालवल्या. मी एवढंच म्हणत राहिले की कीर्तनकाराला बिदागी देतो आपण, त्यानं त्याच्या देणगीला कमीपणा येतो का? शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं. गल्लीतल्यांचं काम दुपारी चारनंतर, पैसे नाहीत. दवाखान्यात सोबत जायचं तर आठवड्यातून एकच दिवस, रिक्षा आणि त्या दिवसाची मजुरी समोरच्यानं द्यायची, ज्याला झेपत नाही त्याचं त्या बघतील. दोघीजणी रुसल्या. एक परत आली, एक नाही आली.

नंतर एका छोट्या ट्रस्टच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस पेशंटना माहिती सांगायला बसायचं काम मिळालं, रोजंदारीवर. तिथं पुढं कायम करायचं तर दहावी पास पाहिजे म्हणाले. मग दहावीला परत बसायचा फॉर्म भरला. गणिताची भीती अजून आहे, मुलगी शिकवते, आणि मुलीला जे नीट समजलेलं नसतं ते तिथंच उघडं पडतं कारण अक्का तिलाच म्हणतात, आता तू मला सांग बघू.

मागच्या महिन्यात त्या सहज येऊन गेल्या. माझ्या टेबलावर एक छापील कागद होता, रात्री काळजी वाटायला लागली की काय करायचं त्याचा, मी सगळ्यांना देते तो. अक्कांनी हळूहळू वाचला, परत वाचला. मग म्हणाल्या, "मॅडम, रागवू नका, पण हे आमच्याकडच्या बायकांना कळणार नाही. पेन आहे का?" कागद उलटा करून त्यांनी एक दार काढलं, दारात उभी बाई, बाईच्या डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात काय काय आहे ते बाहेर काढून एकेक ओळीत मांडलं, आणि दोन गोष्टींवर सूर्य काढला. "ह्या उद्या सकाळी करायच्या," त्या म्हणाल्या, "बाकीच्या आज झाकून ठेवायच्या." आणि माझ्याकडं कागद सरकवून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा बघू मला, कसं सांगाल बायकांना?"