'लॅब लीक' : विषाणू निसटला, सोडला की बनवला?

प्रश्न असा आहे : कोविडच्या उगमाबद्दल मराठीत लिहिताना 'विषाणू लीक झाला', 'सोडला', 'तयार केला' हे प्रयोग एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. 'लॅब लीक'ला नेमका मराठी शब्द कोणता? आणि विषाणूंवरच्या काही प्रयोगांना इंग्रजीत 'गेन ऑफ फंक्शन' म्हणतात, त्याला 'कार्यवृद्धी' म्हटले तर चालेल का?

आधी सरळ उत्तर देतो. पहिल्यासाठी 'प्रयोगशाळेतून निसटणे' वापरावे. 'कार्यवृद्धी' मात्र वापरू नये.

मराठीत अशा गोष्टींचा दोष कोणाचा, हे नामापेक्षा क्रियापदावर ठरते. सुटला आणि सोडला, फुटला आणि फोडला, पसरला आणि पसरवला या जोड्या पाहा. वासरू सुटले म्हटले की आपण दावे तपासतो. सोडले म्हटले की कोणी सोडले ते विचारतो. 'विषाणू प्रयोगशाळेतून सोडला' असे लिहिणारा नकळत हेतूचा आरोप करून बसतो, आणि तो आरोप गंभीर आहे. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांमध्ये उगमावरून कितीही मतभेद असले, तरी हा विषाणू जैविक अस्त्र म्हणून तयार केलेला नव्हता यावर त्यांचे एकमत झाले होते.

मग 'गळती' का नको? गळते ते पाणी, तेल, वायू. भोपाळला १९८४ मध्ये झाली ती वायुगळती. विषाणू बाहेर पडतो तो बहुतेक वेळा एखाद्या माणसाच्या शरीरातून, तोही त्या माणसाच्या ध्यानीमनी नसताना. शिवाय 'लीक' हा शब्द आपल्याकडे परीक्षेच्या पेपरला चिकटलेला आहे, आणि पेपर लीक होतो तेव्हा आतल्या कोणाचा तरी हात असतोच, असे ऐकणारा धरून चालतो. 'निसटणे' या शब्दात दोन्ही अर्थछटा आहेत. निसटते ते कोणीतरी धरून ठेवलेले असते, म्हणजे जबाबदारी आहे; पण हेतू नाही.

निसटणे आणि बनवणे या स्वतंत्र गोष्टी आहेत, हे इतिहासातून फार स्पष्ट दिसते. २००४ मध्ये बीजिंगच्या विषाणू संस्थेतून सार्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू निसटला. तो निष्क्रिय झाला आहे असे समजून साध्या प्रयोगशाळेत हाताळला जात होता, प्रत्यक्षात तो पुरता निष्क्रिय झालेला नव्हता. नऊ जणांना लागण झाली आणि एका संशोधक विद्यार्थिनीची आई दगावली. हा विषाणू कोणी बनवलेला नव्हता, निसर्गातलाच होता. याच्या उलट उदाहरण एप्रिल १९७९ चे, सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरातले. तिथल्या लष्करी कारखान्यातून काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जिवाणूंचे बीजाणू हवेत गेले आणि साठांहून अधिक माणसे मेली. ते बीजाणू अस्त्रासाठीच तयार केलेले होते, पण त्या दिवशी ते कोणी सोडले नव्हते. सरकार कित्येक वर्षे दूषित मांसाला दोष देत राहिले. १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराकडे बोट दाखवले. एकीकडे न बनवलेले निसटले, दुसरीकडे बनवलेले निसटले. वूहानबद्दल लिहिताना या दोन प्रश्नांची गाठ मारली, की एकाचा पुरावा दुसऱ्याला लावला जातो.

हा घोळ फक्त मराठीतला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सत्तावीस शास्त्रज्ञांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्रक काढून, कोविडचा उगम नैसर्गिक नाही असे सुचवणाऱ्या 'कटाच्या कल्पनां'चा निषेध केला. कट म्हटला की कट करणारे आले, त्यांचा हेतू आला. अपघातात कट कुठून येणार? त्या एका शब्दामुळे अपघाताची शक्यता बोलून दाखवणारा माणूसही कटवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसला, आणि पुढचे वर्षभर या विषयावर शांतपणे बोलणे कठीण झाले. मला ही त्या काळातली मोठी हानी वाटते.

आणखी एक बारकावा आहे. 'प्रयोगशाळेतून' हा शब्दही प्रत्येक वेळी बरोबर नसतो. चीनच्या युन्नान प्रांतात मोजियांगजवळच्या एका खाणीत २०१२ मध्ये वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा कामगार न्यूमोनियाने आजारी पडले, त्यांतले तिघे गेले. त्यानंतर वूहानच्या विषाणू संस्थेतले संशोधक नमुने घ्यायला त्या खाणीत जात राहिले. २०१३ च्या नमुन्यांतून मिळालेला एक विषाणू कोविडच्या विषाणूशी सुमारे ९६ टक्के जुळतो. या खाणीचे प्रकरण जगापुढे आणण्यात पुण्याच्या मोनाली रहाळकर आणि राहुल बहुलीकर या संशोधक दांपत्याचा वाटा होता. त्यांचा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आता समजा, नमुने गोळा करणाऱ्यालाच गुहेत किंवा खाणीत लागण झाली असती, तर तिला काय म्हणायचे? प्रयोगशाळेतून काहीच निसटलेले नाही. अशा सगळ्या शक्यता एकत्र सांगायच्या असतील तेव्हा 'संशोधनातून झालेला संसर्ग' असे लिहावे. शब्द लांब आहे, पण बरोबर आहे.

त्या ९६ टक्क्यांवरून 'उगम' शब्दाकडे येतो, कारण तिथेही दोन अर्थ मिसळतात. उरलेला चार टक्क्यांचा फरक निसर्गात पडायला काही दशके लागतात, म्हणजे तो विषाणू कोविडच्या विषाणूचा दूरचा भाऊबंद आहे, बाप नव्हे. पुढे २०२१ मध्ये लाओसच्या वटवाघळांत याहून थोडा जवळचा नातलग सापडला. तेव्हा विषाणूचा उगम दक्षिण चीन आणि लाओसच्या बाजूचा, यावर फारसे दुमत नाही. भांडण आहे ते साथीच्या उगमावर : तिकडचा विषाणू हजार-दीड हजार किलोमीटर दूर वूहानमधल्या माणसांपर्यंत डिसेंबर २०१९ च्या आसपास पोहोचला कसा? तिथल्या हुआनान बाजारातल्या जिवंत प्राण्यांमधून, की संशोधनातून? म्हणून नुसते 'कोविडचा उगम' न लिहिता 'विषाणूचा उगम' किंवा 'साथीचा उगम' असे फोडून लिहावे.

आता 'गेन ऑफ फंक्शन'. हा शब्द मूळ जनुकशास्त्रातला : बदलामुळे जनुकाला नवे किंवा वाढीव काम करता येऊ लागले, इतकाच त्याचा साधा अर्थ. त्याला 'कार्यवृद्धी' म्हटले तर शब्दशः चूक नाही, पण मराठी कानाला 'कार्य' म्हणजे काहीतरी चांगले आणि 'वृद्धी' म्हणजे भरभराट. शिवाय काय वाढले, तेच त्यातून कळत नाही. वाद पेटला तो २०११ मध्ये, रॉटरडॅमचे रॉन फुशिए आणि विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका यांच्या प्रयोगांवरून. त्यांनी एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूत असे बदल घडवले, की तो फेरेट नावाच्या प्राण्यांमध्ये हवेतून पसरू लागला. अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने आधी तपशील छापू नका असे सुचवले, मग २०१२ मध्ये निबंध छापून आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने अशा काही प्रयोगांचा निधी थांबवला आणि डिसेंबर २०१७ मध्ये नव्या तपासणीच्या अटींवर पुन्हा खुला केला. त्याला 'बंदी' म्हणू नये, ती 'निधीला स्थगिती' होती.

शब्दाच्या व्याख्येवरून केवढे रण माजू शकते, ते २०२१ च्या मे आणि जुलैमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये दिसले. सिनेटर रँड पॉल म्हणत होते, वूहानमधल्या 'गेन ऑफ फंक्शन'ला अमेरिकी पैसा गेला, अमेरिकेच्या संसर्गजन्य रोग संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. अँथनी फाउची म्हणत होते, गेला नाही. पॉल जनुकशास्त्रातला ऐसपैस अर्थ घेत होते, फाउची सरकारी नियमांतला अरुंद अर्थ. ज्या विषाणूंवर ते प्रयोग झाले, ते कोविडच्या विषाणूपासून इतके दूरचे होते की त्यांतून तो निर्माण होणे शक्य नव्हते, ही गोष्ट त्या खडाजंगीत बाजूला पडली. तरीही असे प्रयोग कितपत सुरक्षित ठिकाणी होत होते, हा प्रश्न योग्यच होता आणि आजही आहे.

म्हणून माझी सूचना : 'विषाणूची क्षमता वाढवणारे प्रयोग', थोडक्यात 'क्षमतावर्धक प्रयोग' म्हणावे, आणि कोणती क्षमता ते तिथेच सांगावे. पसरण्याची वाढवली की मारण्याची, की नव्या प्राण्याला लागण करण्याची? फेरेटच्या प्रयोगांत हेतू पसरण्याची क्षमता तपासण्याचा होता. एवढे लिहिले की निम्मा वाद मिटतो.

शेवटचा शब्द 'थिअरी'. 'लॅब लीक सिद्धान्त' असे लिहू नये, 'बाजार सिद्धान्त' असेही नको. सिद्धान्त म्हणजे सिद्ध झालेला निष्कर्ष. इथे दोन्ही बाजूंना 'तर्क' किंवा 'गृहीतक' हेच शब्द लागू होतात. दोन्ही तर्कांचे वजन सारखेच आहे असा याचा अर्थ नाही. सीआयएने जानेवारी २०२५ मध्ये प्रयोगशाळेकडे कल दाखवला, तो 'कमी खात्रीने' असे स्वतःच सांगून. त्याचे मराठी 'सीआयएने मान्य केले' असे होत नाही. 'सीआयएचा कल प्रयोगशाळेकडे, मात्र खात्री कमी' असे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाचा जून २०२५ चा अहवाल मी असा सांगेन : 'उपलब्ध पुराव्यांचे वजन प्राण्यांकडून माणसांकडे झालेल्या संसर्गाच्या बाजूने आहे, विषाणू प्रयोगशाळेतून निसटल्याची शक्यता तपासायला लागणारी माहिती चीनने दिलेली नाही, त्यामुळे ती शक्यता बाद करता आलेली नाही.'