रेघ फिकी झाली

आयव्हीएफनंतर (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानंतर) दिवस राहिलेल्या बायकांकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘एवढी वाट पाहिली, हवं ते मिळालं, मग आनंदाऐवजी धास्तीच का वाटते?’ त्यातलीच ही एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती ३८ वर्षांची. आधीच्या दोन भ्रूणरोपणांपैकी एकात गर्भ राहिलाच नाही, दुसऱ्यात सातव्या आठवड्यात गर्भपात झाला. या वेळी पाचव्या दिवसाचा गोठवलेला भ्रूण सोडला होता. माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा गर्भधारणेचे बरोबर सात आठवडे झाले होते, म्हणजे मागच्या वेळी जिथे सगळं थांबलं तोच टप्पा. पर्समधून झिपची पिशवी काढून तिने टेबलावर १९ प्रेग्नन्सी पट्ट्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर बॉलपेनने तारीख. शेवटच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, ही बघा. मागच्या आठवड्यापेक्षा फिकी आहे. संपलं ना?”

तीनच दिवसांपूर्वी सोनोग्राफीत ठोके दिसले होते, मिनिटाला ११८. तो कागदही त्याच पर्समध्ये होता, पण तिचा विश्वास पट्टीवर.

“काही नाही होणार” म्हणून तिला परत पाठवण्यात अर्थ नव्हता. ते ती घरी दिवसभर ऐकतच होती. आधी पट्टीचं काम समजावून सांगितलं. पट्टी गर्भधारणेचं हार्मोन, म्हणजे एचसीजी, लघवीत आहे की नाही एवढंच सांगते, किती आहे ते सांगत नाही. सातव्या आठवड्यात एचसीजी इतकं चढलेलं असू शकतं की पट्टीवरच्या, हार्मोनला पकडणाऱ्या दोन्ही अँटिबॉडींना ते वेगवेगळंच चिकटतं, दोघींना जोडणारा पूल तयार होत नाही आणि रेघ उलट फिकी उमटते. जास्त पाणी पिऊन लघवी पातळ झाली तरी तेच. या टप्प्यावर फिकी रेघ ही वाईट बातमी नव्हे, ती बातमीच नव्हे. रक्तातली बीटा एचसीजी (त्याच हार्मोनची मोजणी) सुरुवातीला उपयोगी पडते, कारण तिथे ४८ तासांतली वाढ पाहता येते. तिची २१२ वरून ४३० झाली होती. ठोके दिसल्यावर मात्र सोनोग्राफी जे सांगते ते ना बीटा सांगते ना पट्टी.

दुसरी सवय बाथरूमची. रक्त दिसतंय का हे बघायला दिवसातून किती वेळा जाता, असं विचारलं तर म्हणाली, “सात-आठ.” एक दिवस कागदावर रेघा मारायला सांगितल्या. २६ भरल्या. तपासलं की दोन मिनिटं हायसं वाटतं आणि त्या दोन मिनिटांसाठी मन पुढची फेरी मागतं. म्हणून बंदी घातली नाही, उशीर लावला. फक्त बघायला जावंसं वाटलं की १० मिनिटं थांबायचं, भीतीला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा, वेळ संपल्यावर पुन्हा आकडा लिहायचा. चार दिवसांनी १० ची २० मिनिटं. भीती न तपासताही उतरते, हे तिने स्वतःच्या अक्षरात पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात रेघा ९ वर आल्या.

पट्ट्या मात्र त्याच दिवशी बंद.

मग तिच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन एक कागद तयार केला, तीन रकान्यांचा. ‘लगेच फोन’ मध्ये तासाभरात पॅड भिजेल एवढं रक्त, पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, ताप. ‘आज दिवसभरात फोन’ मध्ये तपकिरी किंवा गुलाबी डाग आणि प्रोजेस्टेरॉनचा (गर्भ टिकवून ठेवणाऱ्या हार्मोनचा) चुकलेला डोस. ‘पुढच्या भेटीत’ मध्ये स्तनांचं दुखणं कमी होणं, मळमळ एखाद दिवस नसणं, योनीमार्गात ठेवलेल्या गोळीचा पांढरा चुरा बाहेर येणं. हा चुरा पाहून औषधच बाहेर पडलं असं ती समजत होती. बाहेर येतो तो बराचसा गोळीचा भुगा. औषध तोवर शोषलं गेलेलं असतं.

एका बाबतीत तिची धास्ती योग्यच होती. गोठवलेल्या भ्रूणासाठी गर्भाशयाचं अस्तर औषधांनी तयार केलं असेल, तर त्या महिन्यात बीज सुटत नाही, म्हणून शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास नसतं. वार (प्लासेंटा) ते काम सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास हाती घेते. तोवर गोळ्या-इंजेक्शनंच आधार. डॉक्टर सहसा १० ते १२ आठवड्यांपर्यंत ती चालू ठेवतात. मनाने थांबवायची नाहीत आणि चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दुप्पटही घ्यायची नाहीत.

नवऱ्यालाही एकदा बोलावलं. “पॉझिटिव्ह विचार कर” हे वाक्य घरातून हद्दपार करायला सांगितलं. मला ते घातकच वाटतं, कारण पुढे काही बिघडलंच तर बाई स्वतःच्या विचारांना दोष देते. सुरुवातीच्या गर्भपातांत निम्म्याहून अधिक वेळा कारण भ्रूणाच्या गुणसूत्रांत असतं, आईच्या काळजीत नव्हे. त्याऐवजी त्याने एवढंच विचारायचं ठरलं: “हे कुठल्या रकान्यात बसतं?”

दहाव्या आठवड्यात फर्टिलिटी सेंटरमधून प्रसूतितज्ज्ञांकडे जायची वेळ आली तेव्हा भीती पुन्हा ८ वर. दर आठवड्याची सोनोग्राफी संपते आणि हात सोडून दिल्यासारखं वाटतं. इथे फाइल नीट नेणं हाच उपाय: रोपणाची तारीख, भ्रूण कितव्या दिवसाचा, चालू औषधं आणि स्त्रीबीजं काढली तेव्हाचं वय. पाचव्या दिवसाचा भ्रूण सोडला तो दिवस गर्भधारणेचे २ आठवडे ५ दिवस धरतात. प्रसूतीची तारीख पाळीवरून नव्हे, त्यावरून काढायची.

वयाचा मुद्दा बरेच जण विसरतात. ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीत डाउन सिंड्रोमची जोखीम मोजताना स्त्रीबीजाचं वय धरावं लागतं. दात्रीचं बीज असेल तर दात्रीचं. तिच्या फॉर्मवर ३८ लिहिलं होतं, बीजं काढली होती ३४ व्या वर्षी. रिपोर्ट ‘जास्त जोखीम’ आला. तिने फॉर्म मागवून घेतला, चुकीची ओळ शोधली आणि लॅबला फोन केला. दुरुस्त केल्यावर आकडा कमी जोखमीत आला. माझ्याकडे आली तोवर हे सगळं निस्तरून झालं होतं. दोन्ही रिपोर्ट तिने नुसते दाखवायला आणले होते.